नरहर बोकीलचा मणका

नरहर बोकील मूळचा साताऱ्याचा. बँकेनं त्याला लखनौला पाठवलं तेव्हा तो तीन वर्षांत परत जाणार होता. आम्ही सगळेच तीन वर्षांत परत जाणार होतो. मी हिशेब विभागात होतो, तो शेती कर्जाच्या विभागात. माझं काम टेबलावरचं, त्याचं उन्हातलं. मलिहाबादच्या आंब्याच्या बागांना जी कर्जं दिली जात, त्या बागा प्रत्यक्ष पाहून येणं हे त्याचं काम, आणि ते काम त्याला इतकं मानवलं की बदलीचा अर्ज करायचं तो विसरूनच गेला. अलीगंजमध्ये आमची घरं एकाच गल्लीत होती.

मलिहाबादला जयसिंग नावाचे एक बागाईतदार होते. त्यांच्या दशहरीच्या बागेच्या कडेला दोन खोल्यांचं एक रिकामं घर होतं. निवृत्तीनंतर नरहर आणि विनयावहिनी तिथं राहायला जाणार, हे बऱ्याच वर्षांपासून ठरलेलं होतं. जयसिंगांना भाडं नको होतं. "आप पेड़ देखिए साहब, घर आपका," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. नरहर कलमं बांधायला शिकला होता. रविवारी आम्ही मंडळी सिनेमाला जायचो तेव्हा हा सायकल बसवर टाकून मलिहाबादला जायचा आणि संध्याकाळी हाताला चीक लागलेला परत यायचा. त्याची मुलगी मैत्रेयी त्याला चिडवायची, "बाबा, आप बँक में हो या बाग़ में?" तो म्हणायचा, "बँकेत पगारापुरता."

डॉ. चंद्रशेखर मोघे आमच्यात आला तो यानंतर. शहरातल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून त्याची नेमणूक झाली होती. वय तिशीच्या आत, ओळख कुणाची नाही, आणि संस्थेची खोली मिळायला वेळ होता. मराठी मंडळाचा सचिव म्हणून नरहर त्याला स्टेशनवर घ्यायला गेला आणि थेट आपल्या घरी घेऊन आला. पुढचे कितीतरी महिने शेखर बोकिलांकडेच होता. विनयावहिनी त्याचा डबा करायच्या. त्याला कावीळ झाली तेव्हा त्यांनी मुलासारखं केलं. तो नरहरला दादा म्हणायचा, वहिनींना वहिनी. आंब्याच्या दिवसांत नरहर त्याला मलिहाबादला घेऊन जायचा आणि जयसिंगांना सांगायचा, "ये हमारे घर का लड़का है। बहुत बड़ा साइंटिस्ट बनेगा।"

शेखर मोठा होत गेला, हे खरं. १९९२ साली त्याला स्वतःचं एक संशोधन मंजूर झालं. विषय होता पुरुषांच्या रक्तातली चरबी आणि त्यांच्या हाडांची ताकद यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हा. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार मानतात, पुरुषांकडे कुणी पाहत नाही, असं तो सांगायचा. त्याला दरवर्षी न चुकता येतील अशी प्रौढ माणसं हवी होती. ती कुठून आणणार? नरहरनं मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "आपला शेखर आहे. आपण नाही जायचं तर कोण जाणार?" झालं, मंडळातले बहुतेक पुरुष तयार झाले. मीही.

तपासणी अशी असे. सकाळी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, मग दुसऱ्या खोलीत एका यंत्रात कोपरापासून मनगटापर्यंत हात ठेवून स्वस्थ बसायचं. यंत्र हाडाची घनता मोजायचं. रक्ताचा कागद आम्हाला मिळायचा. हाताच्या मोजणीचा मिळायचा नाही. "ते सगळ्यांचं मिळून सरासरी काढायला असतं, एकेकट्याचा काही अर्थ नसतो," असं शेखर म्हणाला. मला वाणिज्य शाखेच्या माणसाला सरासरी कळते. मला ते पटलं.

नरहरची पहिली तपासणी झाली त्याच्या आदल्या दिवशी संकष्टी होती. बोकिलांकडे संकष्टी कडक. गंमत अशी, की त्यांच्या घरात कॅलेंडर सातारचं यायचं आणि चंद्रोदयाची वेळही ते सातारचीच पाळायचे. लखनौचा चंद्र त्याच्या बराच आधी उगवतो. तो गच्चीवर हातभर वर आलेला असायचा आणि नरहर घड्याळाकडे बघत खाली बसलेला असायचा. वहिनी म्हणायच्या, "अहो, आला की चंद्र." हा म्हणायचा, "हा इथला. आपला अजून यायचाय." सातारचा चंद्र आला, की तळणीचे मोदक, वर तूप, आणि दिवसभराच्या उपासाची सगळी भरपाई. त्या दिवशीही तसंच झालं. सकाळी संस्थेतल्या माणसानं विचारलं, "ख़ाली पेट हैं न?" नरहर म्हणाला, "ख़ाली? कल तो पूरे दिन व्रत था।" त्याच्या मते त्याच्याइतकं रिकामं पोट त्या रांगेत दुसरं कुणाचंच नव्हतं.

कागद घेऊन शेखर स्वतः घरी आला. मी तिथंच बसलो होतो. वहिनींनी बासुंदी केली होती, त्याच्या हातात वाटी दिली.

"दादा, हे रक्त आहे की डालडा?" तो हसत म्हणाला.

"का रे, काय झालं?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"वहिनी, तुमच्या हातची चव आता दादांना परवडायची नाही. तूप, साय, दूध, दही, सगळं बंद. ही बासुंदीसुद्धा."

"आणि तू खातोयस ती?"

"मी माझ्या दादांच्या वाटणीची खातोय." त्यानं दुसरी वाटी मागितली.

आम्ही सगळे हसलो. नरहर मात्र दुसऱ्या दिवसापासून बदलला. तो अर्धं काही करत नसे. चहात दूध नाही, जेवणात ताक नाही. संक्रांतीला तिळाचा लाडू घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि मैत्रेयीच्या हातात द्यायचा, कारण तिळात तेल. हिवाळ्यात चौकातलं मक्खन-मलाई खायला पाहुण्यांना घेऊन जायचा आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. वहिनी रडकुंडीला यायच्या. "अहो, पेलाभर दूध तरी. माणूस आहात, साधू नाही." तो म्हणायचा, "शेखरला विचार." वहिनींनी विचारलंही. शेखर म्हणाला, "चाललंय ते उत्तम चाललंय."

पुढच्या वर्षी नरहरची चरबी अगदी प्रमाणात आली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मंडळाच्या कोजागिरीला शेखरनं त्याचा हात धरून वर केला, "बघा, लखनौचा आदर्श पुरुष! औषधाची एक गोळी नाही. नुसता निग्रह." त्याच कोजागिरीला आम्ही सगळ्यांनी आटवलेलं दूध घेतलं आणि आदर्श पुरुषानं पाणी.

१९९५च्या जूनमध्ये मलिहाबादला आंब्यांची एक पेटी जीपमध्ये ठेवायला नरहरनं उचलली. पेटी काही मोठी नव्हती, त्यानं अशा कितीतरी उचललेल्या होत्या. ती कमरेपर्यंत आली आणि तो तसाच खाली बसला. जयसिंग सांगत, की साहेब ओरडले नाहीत, फक्त "अरे" म्हणाले. खाटेवर आडवं करून त्याला शहरात आणलं. फोटोत पाठीचा एक मणका चेपलेला दिसला, पायाखाली आलेल्या काड्यापेटीसारखा. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, नरहरकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"बोकील साहब, उम्र आपकी पचपन की है और हड्डी अस्सी की। ऐसा तो हम बूढ़ी औरतों में देखते हैं। आपको पहले किसी ने बताया नहीं?"

"नहीं," नरहर म्हणाला. "पर जाँच तो हर साल होती है।"

"तो ख़ून की होती होगी।"

शेखर भेटायला आला. पलंगाशेजारी बसला, वहिनींनी दिलेला चहा घेतला. "बॅड लक, दादा. वजन उचलायला नको होतं," म्हणाला. एवढंच म्हणाला. मी तिथं होतो, म्हणून खात्रीनं लिहितो.

पाठीला पट्टा आला. नरहर उंचीनं थोडा कमी झाला आणि किंचित पुढे वाकून चालू लागला. सायकल गेली. डॉक्टरांनी बागेचं काम मना केलं, पण कायमचं मना केलं आहे असं नरहर मानत नव्हता. आता तो दूध पीत होता, गोळ्या घेत होता, सकाळी उन्हात बसत होता. निवृत्तीला अजून अवकाश होता. तेवढ्यात पाठ सावरली तर मलिहाबादचं घर हातचं जाणार नव्हतं. घरी तो एवढ्याच एका गोष्टीबद्दल बोलायचा. वहिनींनी तिकडे न्यायची भांडी वेगळी काढून ठेवली होती, ती तशीच ठेवली.

पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात, रविवारी सकाळी, मंडळानं शेखरचं व्याख्यान ठेवलं. सुचवलं नरहरनंच. "आपल्या माणसांवर त्यानं काम केलं, तर आपल्या माणसांना आधी कळू दे," असं तो म्हणाला. सभागृहाच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. शेखर स्लाइड्स दाखवत होता. नरहर पहिल्या रांगेत ताठ पाठीच्या खुर्चीवर होता, शेवटी आभार त्याला मानायचे होते.

शेखर बोलतो छान. त्यानं आधी लोकांना हसवलं. "पहिल्या वर्षी आमची फार फजिती झाली. काही मंडळी संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. विचारलं तर म्हणाली, काल दिवसभर उपास होता! आता आपल्या उपासाची सांगता कशी होते, हे मी तुम्हाला काय सांगू? रात्रीचे मोदक सकाळी रक्तात तरंगत होते. आकडे बघून यंत्रच घाबरलं. ते रक्ताचे आकडे आम्ही बाद केले. दुसऱ्या वर्षी तीच माणसं, आणि रक्त एकदम नॉर्मल. म्हणजे आधीही नॉर्मलच असणार."

सभागृह खो खो हसलं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर मांडीवर थाप मारून हसले. मी नरहरकडे पाहिलं. मला फक्त त्याची मान दिसत होती. ती हलली नाही.

मग शेखरनं एक आलेख दाखवला. "हे एक गृहस्थ. नाव अर्थातच गुप्त. पन्नाशीचे, निर्व्यसनी. दूध, दही, तूप पूर्ण बंद. यांची ही चरबीची रेघ बघा, किती सुंदर. आणि ही खालची रेघ हाडांची. पहिल्याच वर्षी प्रमाणापेक्षा कमी, आणि मग दरवर्षी उतरती. शेवटी एक मणका गेला. अशी केस मिळणं म्हणजे भाग्य." पुढे तो म्हणाला, की एका माणसावरून काही सिद्ध होत नाही आणि सगळ्यांची मिळून आकडेमोड केली तर चरबीचा आणि हाडांचा ठाम संबंध अजून दाखवता येत नाही. अभ्यास पुढे चालू ठेवावा लागेल. टाळ्या झाल्या. चादरी काढल्या. शाल आणि श्रीफळ दिलं.

नरहर आभार मानायला उठला. टेबलाला धरून उभा राहिला. त्यानं सभागृह देणाऱ्यांचे आभार मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले, प्रोजेक्टर आणणाऱ्याचे मानले. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मग तो शेखरकडे वळला.

"व्याख्यात्यांचे आभार मानण्याआधी एक विचारतो. शेखर, त्या गृहस्थांना हे कधी सांगितलंस?"

शेखर हसला. "दादा, हे आपण नंतर बोलू या."

"पहिल्या वर्षी कमी होतं, असं तू म्हणालास. त्याच वर्षी तुला दिसलं?"

"आकडे होते. पण अभ्यास चालू असताना..."

"आणि मोदकांचं?"

शेखरनं हातातलं श्रीफळ टेबलावर ठेवलं. मघाशी मांडीवर थाप मारून हसलेले गृहस्थ आता खाली बघत होते. नरहर पुन्हा सभागृहाकडे वळला. मग म्हणाला, "व्याख्यात्यांचे आभार. सभा संपली. प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये." आणि स्वतः प्रसाद न घेता तो बाहेर पडला.

शेखर घरी आला तो आठवडा उलटल्यावर. वहिनींचा निरोप आला म्हणून मी गेलो. तो नेहमीच्या खुर्चीवर बसला होता. वहिनींनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या घरात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"दादा, नाव कुठं सांगितलं मी?" शेखर म्हणत होता.

"नावाचं कोण बोलतंय?"

"समजून घ्या. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही गोळ्या सुरू केल्या असत्या. मग मोजणीला अर्थ काय राहिला? असे अभ्यास असेच चालतात. सगळ्यांनाच सांगत बसलो तर..."

"सगळ्यांना नको. मला."

"आणि दुधामुळेच झालं असं नाही. हाडं आधीच कमी होती. आधीच!"

"मग माझं दूध का तोडलंस?"

"मी चरबी कमी करा म्हणालो. तुम्ही टोकाला गेलात."

वहिनी पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "शेखर, इथं उभा राहून म्हणालास तू. साय, दूध, दही, सगळं. वर मी विचारलं तेव्हा म्हणालास, उत्तम चाललंय. तुला माहीत होतं ना तेव्हा, की तो कागद खोटा आहे?"

"खोटा नाही वहिनी, बाद."

"तुझ्या वहीत बाद. माझ्या घरात चालूच होता."

शेखर उठला. मला वाटलं आता तो नरहरच्या पाया पडेल. तसं झालं असतं तर नरहरनं त्याला माफही केलं असतं, मी त्याला ओळखतो. पण दाराशी जाऊन शेखर म्हणाला, "दादा, यंदाची शेवटची मोजणी राहिलीय. तुम्ही नाही आलात तर ती केस अपुरी राहील. राग बाजूला ठेवून तेवढं करा."

नरहर त्याच्याकडे बघत राहिला. मी त्याला बँकेत तीस-बत्तीस वर्षं पाहिलं आहे. कर्ज बुडवणाऱ्या माणसाकडेही त्यानं असं पाहिलं नव्हतं.

"तू माझ्या घरात जेवलास, आजारी पडलास, बरा झालास," तो म्हणाला. "मी समजत होतो, तू माझ्याकडे येतोस."

शेखर गेला. नरहर मोजणीला गेला नाही. मंडळातल्या काही जणांनी संस्थेत जाऊन आपापल्या हाताचे आकडे मागून घेतले. मीही घेतले. माझे चांगले निघाले. त्याचा आनंद मात्र झाला नाही. बाकीच्यांचं म्हणाल तर पुढच्या वर्षी शेखरला बढती मिळाली, तेव्हा मंडळानं त्याचा सत्कार केला. मराठी मंडळात मोठी माणसं आधीच थोडी. नरहरनं सचिवपद सोडलं, त्याचं कारण कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणूनही असेल, आणि विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं म्हणूनही.

व्याख्यानानंतरच्या थंडीत नरहरचा आणखी एक मणका चेपला. या वेळी काही उचललंही नव्हतं, नुसता जोरात शिंकला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की खड्ड्यांच्या रस्त्यावर राहायचं नाही, दवाखान्यापासून लांब जायचं नाही, बागेचा विचारसुद्धा करायचा नाही.

मार्चमध्ये, मोहोर दाट असताना, मी आणि तो भाड्याची गाडी करून मलिहाबादला गेलो. त्याच्या पाठीमागे दोन उशा दिल्या होत्या आणि ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितलं होतं. जयसिंग बाहेर येऊन उभे होते. घराला नवा चुना दिलेला होता. दाराशी माठ ठेवायला त्यांनी एक ओटा बांधून घेतला होता.

नरहर गाडीतून उतरला, घरात गेला नाही. खाटेच्या कडेवर बसला आणि सांगितलं, की आता येणं होणार नाही.

"तो क्या हुआ साहब, काम मत कीजिएगा," जयसिंग म्हणाले. "खटिया पर बैठिए, हुकुम चलाइए। पेड़ हम देख लेंगे।"

"डॉक्टर मना करते हैं।"

"अच्छा, डॉक्टर से याद आया, अपने वो साइंटिस्ट भैया क्या कहते हैं? वो तो हड्डी के ही आदमी हैं। उनको दिखाया?"

नरहरनं वर झाडाकडे पाहिलं. पट्ट्यामुळे त्याला मान फार वर करता येत नव्हती.

"हाँ," तो म्हणाला. "उसने देखा है।"

परत येताना मी चिडलो होतो. म्हटलं, "तू त्यांना खरं का नाही सांगितलंस? निदान त्यांना तरी कळायला हवं होतं तो कसा माणूस आहे."

गाडी एका खड्ड्यातून गेली. त्यानं डोळे मिटले, सीट धरली, कळ जाऊ दिली.

"गोपी," तो म्हणाला, "इतकी वर्षं त्यांना मीच सांगत आलो ना, की तो आमच्या घरचा मुलगा आहे?"